नानांची नैरोबी

सावेडी तेव्हा नगरच्या वेशीबाहेरचं खेडं होतं. मनमाड रस्त्याच्या कडेने बाजरी उभी असायची आणि भिस्तबागेच्या महालापर्यंत सगळा माळच. नाना, म्हणजे माझ्या आजीचे धाकटे भाऊ, 1968 च्या सुमारास नैरोबीहून कायमचे परतले आणि त्या माळावर त्यांनी चार खोल्यांचं बैठं घर बांधलं. नगर का, तर नानीचं माहेर नगरचं. नातेवाईक म्हणायचे, "इतक्या लांब कशाला गेलात राहायला?" मुंबईहून 'कारंजा' बोटीने मोंबासा आणि तिथून आगगाडीने नैरोबी गाठलेल्या माणसाला सावेडी कसली लांब!

नाना मूळचे आटपाडीचे, म्हणजे औंध संस्थानातले. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते. शाळेत लागलेली ती सवय नानांची सत्तरीतही सुटली नव्हती. पहाटे ओसरीवर सतरंजी पडली की आम्हा पोरांना अंथरुणात लोळत राहायची सोय नसे. गुडघे कुरकुरत, पण बारा नमस्कार पुरे झाल्याशिवाय नाना चहाला शिवत नसत.

त्याच राजांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत. ऑक्सफर्डला शिकलेले, बॅरिस्टर. गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली, पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या साथीने, औंधच्या राजांनी 1939 साली राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवला, त्यात अप्पासाहेबांचा मोठा वाटा. (आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची कैद्यांची खुली वसाहत याच काळातली. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' तिच्यावरून सुचला, हे सांगताना नानांचा आवाज चढायचा.) मार्च 1948 मध्ये संस्थान विलीन झालं आणि त्याच वर्षी नेहरूंनी अप्पासाहेबांना पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून धाडलं. आमच्या नगरच्या किल्ल्यात 1942 पासून 1945 पर्यंत कैदेत राहिलेले पंडितजीच ते. नानांना हा धागा फार प्रिय. किल्ल्यावरून टांगा जाताना ते हात जोडत.

राष्ट्रकुलातले देश एकमेकांकडे उच्चायुक्त पाठवतात. पण केनिया तेव्हा इंग्रजांची वसाहत, म्हणून अप्पासाहेब नुसते आयुक्त. कार्यालय नैरोबीत, पण केनिया, युगांडा, टांगानिका आणि झांझिबार एवढा मुलूख त्यांच्याकडे. नाना तिथे एका हिंदी शाळेत चित्रकला शिकवायचे. शहराचे तीन कप्पे होते: गोऱ्यांची वस्ती वेगळी, आपल्या लोकांची वेगळी, आफ्रिकींची वेगळी. शाळा, दवाखाने, हॉटेलं, सगळं तसंच वाटलेलं.

नाना एकदा अप्पासाहेबांच्या बंगल्यावर गेले होते. दिवाळीला की पंधरा ऑगस्टला, हे दर वेळी बदलायचं. बदलायची नाही ती एकच गोष्ट: तिथे आफ्रिकी मंडळी पाहुणे म्हणून पंगतीला होती आणि यजमान त्यांना आग्रहाने वाढत होते. अप्पासाहेबांच्या पत्नी नलिनीताई शस्त्रक्रियेतल्या एफ.आर.सी.एस., त्याही सर्वांशी सारख्याच मोकळेपणाने बोलत होत्या.

पुढचं नानीने सांगितलेलं. तिच्या स्वयंपाकघरात कामाला येणाऱ्या किकुयू बाईची कपबशी वेगळी होती, टवका उडालेली, मोरीच्या फळीवर पालथी घातलेली. बंगल्यावरून आल्यावर नानांनी ती उचलली आणि टाकून दिली. दुसऱ्या दिवशीपासून त्या बाईला घरातल्याच कपात चहा. "मला आधी राग आला होता गं," नानी म्हणायची, "आता लाज वाटते त्या रागाची." आपल्या कितीतरी घरांत त्या काळी अशी कपबशी होती. आपले दुकानदार अप्पासाहेबांवर नाखूश होते, तेही नाना लपवत नसत. गोऱ्यांशी बिनसलं तर धंदा बसेल, ही धास्ती. अप्पासाहेबांचं सांगणं मात्र स्पष्ट होतं, की इथे राहायचं तर इथल्या माणसाबरोबर उभं राहा. त्यांनी आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. जोमो केन्याटा आणि कोइनांगे या आफ्रिकी नेत्यांशी त्यांचा घरोबा होता.

ऑक्टोबर 1952 मध्ये केनियात आणीबाणी लागली, केन्याटांना पकडलं. कापेनगुरियात त्यांच्यावर चाललेल्या खटल्यात बचावासाठी नेहरूंनी दिवाण चमनलालांना पाठवलं. अप्पासाहेब गोऱ्या वसाहतवाल्यांच्या डोळ्यांत सलतच होते. 1954 मध्ये त्यांना तिथून हलावं लागलं. पुढे ते सिक्कीम, इंडोनेशिया, इजिप्त असे फिरले आणि 1969 ते 1972 लंडनला भारताचे उच्चायुक्त होते. नानांच्या लेखी मात्र ते कायम नैरोबीचेच.

नानीने तिथला स्वयंपाक सावेडीत आणला. मोगो, म्हणजे ज्यापासून साबुदाणा होतो तो कंद, नैरोबीत ती उपासाला तळून, वर तिखटमीठ आणि लिंबू पिळून द्यायची. नगरच्या बाजारात तो मिळेना, मग रताळ्यावर भागवायची. तिकडे नाचणीला विंबी म्हणतात आणि तिची पेज म्हणजे उजी. नानी ती ताक घालून करी, म्हणजे शेवटी आपली आंबीलच. तीही आम्हाला उजी म्हणूनच मिळे. पितळी वाटीत, वर जिरेपूड.

12 डिसेंबर 1963 ला केनिया स्वतंत्र झाला, राष्ट्रकुलात आला आणि नैरोबीत भारताचे उच्चायुक्त बसू लागले. त्या रात्री नाना-नानी जागे होते. पुढे परक्या पारपत्रवाल्यांना नोकरीचे परवाने मिळणं अवघड झालं, हजारो भारतीय कुटुंबं निघाली, त्यात नानांचंही. नानांनी त्याबद्दल केनियाला कधी दोष दिला नाही.

आज सावेडीत त्या घराच्या जागी इमारत आहे. पण नैरोबीत गांधी स्मारकासाठी आपल्या लोकांनी जमवलेल्या पैशातून, अप्पासाहेबांच्या खटपटीने, जे महाविद्यालय उभं राहायला मदत झाली त्याचंच 1970 मध्ये नैरोबी विद्यापीठ झालं. नैरोबीच्या उच्चायुक्तालयाचा इतिहास कुणी लिहायला घेतला, तर त्याने 1963 पासून सुरुवात करू नये. 1948 पासून करावी, आणि पहिलं पान औंधला द्यावं.