फावेला

* फावेला : लेखकाने येथे ‘झोपडपट्टी’ हा शब्द वापरला आहे. तो ऐकला की आपल्यासमोर पत्रे आणि ताडपत्री येते, म्हणून ही टीप. रिओ द जानेरोच्या डोंगरउतारांवरील फावेलांत बहुतेक घरे विटा-सिमेंटची, पक्की आहेत. नाव मूळचे एका काटेरी झुडपाचे. बाहियातील कनूदोसच्या लढाईहून १८९७ साली परतलेले सैनिक, सरकारने कबूल केलेल्या घरांची वाट पाहत, रिओतील ज्या टेकडीवर राहिले तिला हे नाव चिकटले. तीच आजची प्रोव्हिदेन्सिया टेकडी.

इथला संसार समजून घ्यायचा तर ‘लाझी’, म्हणजे स्लॅबची गच्ची, पाहावी. निळी पाण्याची टाकी, दोरीवरचे कपडे, रविवारी मांस भाजायची शेगडी. आणि कोपऱ्यांत वर निघालेल्या गंजक्या सळया. मुलाचे लग्न ठरले की त्यांवर पुढचा मजला चढतो. चढण मोटारसायकल-टॅक्सीने पार होते.

रहिवासी बरेचदा ‘कोमुनिदाजी’, म्हणजे आपली वस्ती, असे म्हणतात. वाचकांपैकी कोणी तिकडे गेलेच, तर तिथल्याच रहिवासी वाटाड्याबरोबर जावे आणि उघड्या दारांतून आत कॅमेरा रोखू नये, ही विनंती. — संपादक