खुडूक कोंबडीचा इतिहास

तेराव्या शतकाच्या अखेरीस चीनच्या फूच्यौ भागाचे वर्णन करताना मार्को पोलोने तिथल्या कोंबड्यांविषयी एक चमत्कारिक नोंद केली. त्यांच्या अंगावर पिसांऐवजी मांजरासारखे केस असतात, रंग काळा असतो आणि अंडी मात्र उत्तम असतात, असे तो सांगतो. पोलोच्या इतर अनेक गोष्टींप्रमाणे हीदेखील थाप वाटावी अशीच. पण ती थाप नव्हती. तीच कोंबडी आज ‘सिल्की’ या नावाने महाराष्ट्रातील छांदिष्टांच्या खुराड्यांत वावरते. नवखे लोक तिला रूपासाठी विकत घेतात. जाणकार तिला ठेवतात ते ती चटकन खुडूक होते म्हणून. कुक्कुटपालनाच्या आधुनिक इतिहासात जो गुण दोष ठरवून पद्धतशीरपणे काढून टाकण्यात आला, त्याच गुणाची ही कहाणी. #थ्रेड

प्रथम शब्द समजून घेऊ. कोंबडीने पंधरा-वीस दिवस अंडी घातली की एखाद्या सकाळी ती खुराड्यातून उठत नाही. हात लावला की पिसे फुलवते, चोच मारते, घशातून खर्जातला आवाज काढते. ही खुडूक. तिच्याखाली अंडी मांडणे म्हणजे रवण घालणे. मेंदूतून स्रवणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढल्याने हे घडते. त्यामुळे अंडी घालणे थांबते, पोटाखालची पिसे झडून उघडी कातडी अंड्यांना थेट ऊब देते आणि दिवसातून एखाद्या वेळी दाणापाण्यापुरतेच कोंबडी जागा सोडते. एकविसाव्या दिवशी पिल्ले टोच मारून बाहेर येतात.

नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडील मनमाड परिसर हा पर्जन्यछायेचा मुलूख. इगतपुरीला जिथे तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तिथे इकडे जेमतेम पाचशेच्या आसपास. अशा कोरडवाहू भागात घरामागच्या चार कोंबड्या हा बहुधा घरातील बाईच्या हातचा पैसा. देशी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. हा आकडा हास्यास्पद वाटतो खरा. पण तिची पिल्ले विकत आणावी लागत नाहीत, यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. भांडवल स्वतःच स्वतःला उबवते. खुडूकपणाशिवाय हा हिशोब जमत नाही.

या गुणाची दख्खनशी जोडलेली एक जुनी नोंद आहे. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी १८२४ पासून मुंबई इलाख्याच्या दख्खन भागाची सांख्यिकी पाहणी करीत होता. (नाशिक हा तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हता, तो १८६९ मध्ये झाला.) महसुलाच्या आकड्यांसोबत साइक्सने इथल्या पक्ष्यांची यादी केली आणि ती १८३२ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे ठेवली. युरोपीय लोक ज्याला ‘कुल्म’ म्हणत तो उंचापुरा झुंजीचा कोंबडा तिच्यात आहे. ही जात मूळची इथली नसून मुसलमानांनी जावा किंवा सुमात्राहून आणली असावी, असा साइक्सचा कयास होता. जून १८३१ मध्ये तो दोन कोंबडे आणि एक कोंबडी घेऊन इंग्लंडात उतरला. पक्ष्यांनी तिथला हिवाळा सोसला आणि सप्टेंबर १८३२ पर्यंत त्या एकट्या कोंबडीने पिल्लांच्या दोन विणी वाढवल्या होत्या. हवामान बदलले, खंड बदलला, तरी खुडूकपणा तिच्याबरोबरच गेला.

साइक्सची यादी पुढे डार्विनच्या हाती पडली. पाळीव प्राणी व वनस्पती यांच्यातील बदलांवरच्या १८६८ च्या ग्रंथात डार्विनने कोंबड्यांना एक सबंध प्रकरण दिले आहे. सर्व पाळीव कोंबड्या भारत व आग्नेय आशियातील लाल रानकोंबड्यापासून निघाल्या, हे त्याला दाखवायचे होते. त्यासाठी त्याने स्वतःच्या घरी संकर केले. काळा स्पॅनिश कोंबडा आणि पांढरी सिल्की यांची पिल्ले कोळशासारखी काळी निघाली, रेशमी पिसे एकालाही आली नाहीत. पण त्यांतला एक कोंबडा वयात येताच मान, पाठ तांबूस-नारिंगी होऊन थेट रानकोंबड्यासारखा दिसू लागला. हजारो वर्षे मागे पडलेला पूर्वज असा एका परसात पुन्हा उगवला.

त्याच ग्रंथातील दुसरी गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते, आणि खरे तर तीच अधिक महत्त्वाची आहे. स्पॅनिश किंवा हॅम्बर्गसारख्या काही युरोपीय जाती तोपर्यंत अंड्यांवर बसणे विसरल्या होत्या. अशा दोन न बसणाऱ्या जातींचा संकर केला की होणारी कोंबडी पुष्कळदा खुडूक होते आणि मोठ्या चिकाटीने बसते, असे दाखले डार्विनने जमवले. म्हणजे सवय पुसली गेली नव्हती, दबली होती. मेंडेलचे संशोधन तोवर कोणी फारसे वाचलेले नसताना केलेले हे निरीक्षण आहे, हे लक्षात घेतले की त्याचे मोल कळते.

मग खुडूकपणाशी वैर कोणाचे? ते अंड्यांच्या बाजाराचे. बसलेली कोंबडी तीन आठवडे अंडी देत नाही आणि पिल्ले हिंडवताना पुढचे अनेक आठवडेही देत नाही. ज्याला रोज अंडे विकायचे आहे त्याच्या लेखी हा निव्वळ तोटा. म्हणून खुडूक मोडण्याचे उपाय सर्वत्र आढळतात: कोंबडीला गार पाण्यात बुडवणे, नाकपुडीत पीस ओवणे, तळ उघडा असलेल्या पिंजऱ्यात टांगून ठेवणे. हे उपाय तात्पुरते होते. कायमचा उपाय होण्यासाठी कोंबडीवाचून अंडी उबवता यायला हवी होती.

ती कला इजिप्तमध्ये फार जुनी. तिथल्या मातीच्या भट्ट्यांत एका वेळी हजारो अंडी उबवली जात. कारागीर तापमापकाऐवजी अंडे पापणीला लावून ऊब जोखत, आणि ही विद्या घराण्यांत गुप्त राही. फ्रान्समध्ये रेओम्यूरने १७४९ च्या ग्रंथात शेणखताच्या उबेवर अंडी उबवण्याची रीत मांडली. १८७९ मध्ये कॅलिफोर्नियातील पेटालुमा गावी लायमन बाइसचे उबवणी यंत्र चालू झाले आणि त्या गावाचा सगळा व्यवहार कोंबड्यांभोवती फिरू लागला. यंत्र आले तशी कोंबडीला बसण्याची गरज उरली नाही. दर पिढीत जी बसत नाही तिचीच अंडी पुढच्या पिढीसाठी निवडायची, हा नियम झाला. व्हाइट लेगहॉर्न ही या निवडीची सर्वांत यशस्वी कोंबडी. तिचे आधुनिक संकर वर्षाला तीनशेच्या वर अंडी देतात आणि सहसा खुडूक होत नाहीत.

भारतातील या स्थित्यंतराचे टप्पे मनमाड जंक्शनवरून फुटणाऱ्या रुळांच्या टोकांशी सापडतात, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. पश्चिमेला मुंबई: १९५९ च्या सुमारास केंद्र सरकारने देशात पाच ठिकाणी प्रादेशिक कुक्कुट केंद्रे काढली, त्यांतले एक मुंबईच्या आरे वसाहतीत. आग्नेयेला हैदराबाद: १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी तिथे वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. उद्योगाचे केंद्र पुढे पुण्याला आले. दक्षिणेला, दौंडमार्गे, तेच पुणे: खडकीला राज्य सरकारचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. अंडे स्वस्त झाले आणि शहरातल्या गरिबाच्या ताटात प्रथिने आली. ही छोटी गोष्ट नव्हे. खुडूक कोंबडीच्या गोडव्यात ती विसरणे अप्रामाणिकपणाचे होईल.

गंमत अशी की खेड्यासाठी तयार केलेल्या सुधारित जातींतही हेच झाले. बंगळूरूची गिरिराज आणि हैदराबादची वनराज परसात हिंडून चरतात, देशी कोंबडीहून दुप्पट-तिप्पट अंडी देतात. पण वनराज रवणाला बसत नाही. पिल्ले हवी असतील तर तिची अंडी देशी कोंबडीखाली ठेवावी लागतात, नाही तर दर वेळी केंद्रावरून पिल्ले आणावी लागतात. नवी जात अशी जुन्या जातीच्या पोटाखालीच वाढते.

रुळांचे चौथे टोक ईशान्येला जळगाव. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिल्या बर्ड फ्लूचे, म्हणजे एच५एन१ चे, निदान जाहीर झाले. पुढच्या महिन्यात जळगाव जिल्ह्यातील काही गावांत तो परसातल्या कोंबड्यांमध्ये आढळला. बाधित पट्ट्यातील प्रत्येक कोंबडी मारायची, असा दंडक होता आणि रोगाचे स्वरूप पाहता तो आवश्यकच होता. पथके घरोघर फिरली, डालग्याखालची कोंबडीही सुटली नाही. मोबदला नगाप्रमाणे मिळाला. पण मोठ्या फार्मची जागा उबवणी केंद्रातल्या पिल्लांनी पुन्हा भरते. परसाची तशी भरत नाही. बसणारी कोंबडी बसणाऱ्या कोंबडीच्या पोटीच येते, आणि पट्ट्यात ती एकही उरलेली नव्हती. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापूरला हाच प्रसंग पुन्हा ओढवला.

मधल्या काळात कडकनाथची लाट येऊन गेली. झाबुआ भागातील भिल्ल-भिलालांची ही काळी कोंबडी. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. सिल्कीशी तिचे नाते केवळ दिसण्यापुरते नाही. कातडी, मांस, हाडांवरचे आवरण काळे करणारा गुणसूत्रातील बदल दोघींमध्ये एकच आहे, असे जनुकशास्त्र सांगते. स्वभावात मात्र दोघी उलट: कडकनाथ रवणाला फारशी बसत नाही. पिल्ले द्यायची आणि अंडी परत विकत घ्यायची, असे आश्वासन देणारी योजना २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात कोसळली आणि हजारो शेतकरी नाडले गेले. खुराड्यात कोंबड्या होत्या, पण पिल्लांसाठी आणि गिऱ्हाइकासाठी दोन्हींकडे दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत होते.

अशा पार्श्वभूमीवर सिल्कीला मागणी येते ती ‘उबवणारी दाई’ म्हणून. ती स्वतः वर्षाला शंभर-सव्वाशेच अंडी देते, पण बदकाची, लाव्याची, गिरिराजची, कोणाचीही अंडी तितक्याच मायेने उबवते. देह लहान, त्यामुळे देशी कोंबडीची सात-आठ अंडी म्हणजे तिची मर्यादा. पिसांच्या तंतूंना एकमेकांत अडकवणारे आकडे नसल्याने तिचे अंग भिजते आणि ओली सिल्की गारठ्याने दगावते. मनमाडची कोरडी हवा तिला इगतपुरीपेक्षा कितीतरी मानवते. मरेक या विषाणूजन्य रोगाला ती लवकर बळी पडते, म्हणून पिल्लाला पहिल्याच दिवशी लस लागते. मानमोडीची लस तर कोणत्याही कोंबडीला चुकत नाही.

खरा शत्रू इथला उन्हाळा. उबवायचे अंडे पंचविसाच्या वरच्या तापमानात पडून राहिले की आतील गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. एप्रिल-मे मध्ये जमवलेली अंडी फोल जातात ती बहुधा याच कारणाने. ओल्या वाळूत मातीचे मडके पुरून त्यात अंडी साठवावीत आणि आठवड्याच्या आत रवण घालावी. सातव्या रात्री अंधारात अंड्याआड दिवा धरला की जिवंत अंड्यात लाल शिरांचे जाळे दिसते. न दिसले तर ते अंडे काढून घ्यावे, सडले तर शेजारच्यांनाही घेऊन जाते. अठराव्या दिवसापर्यंत कोंबडी दिवसातून अनेकदा चोचीने अंडी फिरवते. त्यानंतर ती फिरवणे थांबवते, आणि माणसानेही तेव्हापासून अंड्यांना हात लावायचा नसतो.