हाक्यातली माणसे

शिकारीचा इतिहास आजवर मचाणावरून लिहिला गेला आहे. मचाणावर बंदूक घेऊन बसलेला माणूस घरी परतल्यावर पुस्तक लिहितो, वाघाच्या धुडावर पाय ठेवून छायाचित्र काढून घेतो आणि त्याचे नाव कागदावर राहते. त्या वाघाला मचाणाकडे हाकत आणणारा माणूस जमिनीवर असतो. त्याच्या हातात काठी असते, नाही तर पत्र्याचा डबा. वाघ उलटला तर आधी त्याच्यावर उलटतो. हा माणूस कोण होता, कुणाच्या हुकमाने आला होता आणि त्याच्या पदरात काय पडले, हे तीन प्रश्न मला येथे विचारायचे आहेत.

शिकार हा साहेबांचा आणि संस्थानिकांचा षौक, त्याच्याशी आपल्या चळवळीचा संबंध काय, असे कुणी म्हणेल. संबंध आहे. जंगल कुणाचे, जनावर कुणाचे आणि राबणारे अंग कुणाचे, हे ज्या व्यवस्थेने ठरवले, तीच व्यवस्था गावकुसाबाहेरच्या माणसाचे जिणे ठरवीत होती.

मी नगर जिल्ह्यातला. हिवरे बाजारला पाणलोटाचे काम पाहायला येणारी मुले डोंगरावर चढली की एक प्रश्न हमखास विचारतात : पूर्वी इथे कोणती जनावरे होती? प्रश्न साधा आहे, पण उत्तर सरळ जिल्ह्याच्या इतिहासात नेते. या कोरड्या पठारावर काळविटांचे कळप होते आणि माळढोक होता. माळढोक म्हणजे माणसाच्या कमरेच्याही वर मान काढून चालणारा, माळरानाचा धनी असलेला पक्षी. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रजाने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत नगर भागात ९६१ माळढोक मारले, अशी नोंद आहे. एका माणसाने, एका जिल्ह्यात. कर्नल साइक्स यानेही दख्खनच्या पक्ष्यांविषयी लिहिताना हजारभर माळढोक मारणाऱ्या एका 'गृहस्था'चा उल्लेख केला आहे. हजार जीव घेऊन तो गृहस्थच राहिला, हे ध्यानात ठेवा. पुढे पारध्याचा विषय येईल तेव्हा हा शब्द उपयोगी पडेल.

आता हिशेबाची दुसरी बाजू पाहा. १९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात गावे आली, शेते आली, गरिबाची दोन-चार एकर जिराईत जमीन आली. आणि तिच्या व्यवहारांवर वर्षानुवर्षे बंधने आली. पुढे ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. तोवर माळढोक महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला होता. पक्षी वाचवू नये असे मी म्हणत नाही. पक्षी वाचलाच पाहिजे. पण पक्षी संपवण्यात साहेबाच्या बंदुकीचा जो वाटा होता, त्याची भरपाई कोरडवाहू शेतकऱ्याकडून मागितली गेली आणि तसे कुणी बोलूनही दाखवले नाही.

परक्या मुलखात शिकारीला जायचे तर आधी बेत आखावा लागतो. साहेबांनी त्याचे शास्त्रच बनवले होते. जेम्स फोर्सिथचे मध्य भारतातील डोंगरी मुलखावरचे पुस्तक १८७१ मध्ये आले. दख्खनमधल्या शिकारीवर ब्रिगेडियर जनरल बर्टनचे पुस्तक १९२८ मध्ये. अशा पुस्तकांतून नव्या साहेबाला सगळे शिकायला मिळे. रजा उन्हाळ्यात काढावी, कारण चैत्र-वैशाखात पानगळ झालेली असते, नजर लांब पोचते आणि पाणी मोजक्या डोहांत उरल्याने वाघ त्यांच्या आसपासच सापडतो. जंगलखात्याकडून शिकारीचा ब्लॉक आधी मागून घ्यावा. तंबू, बैलगाड्या, खानसामा, बंदुका यांची जुळणी करावी. बांधायला रेडे विकत घ्यावेत. सकाळी माग काढणारा येऊन सांगतो की अमक्या नाल्यात रेडा मारला गेला. मग दुपारच्या उन्हात, वाघ सावलीला पडलेला असताना, हाका घालावा. शे-दोनशे माणसे अर्धवर्तुळात उभी करावीत. बगलेला झाडांवर 'रोक' बसवावेत. वाघ बाजूला फुटू लागला की त्यांनी खोकून, टाळी वाजवून त्याला पुन्हा वाटेवर आणावे. ढोल, डबे, आरोळ्या. आणि सगळ्याच्या टोकाला मचाण.

या बेतात वाऱ्याची दिशा आहे, काडतुसाचे वजन आहे, चहाच्या पेटीसुद्धा आहे. दोनशे माणसे कुठून यायची, याला मात्र एकच वाक्य पुरते : ती गावातून मिळतात. ती कशी मिळत? गावात माणसे आयती मिळावीत अशी रचना आधीपासून तयार होती, म्हणून मिळत. खानदेशात जेम्स औट्रॅमने १८२५ पासून भिल्ल पलटण उभी केली आणि दहा वर्षांत त्याने व त्याच्या सोबत्यांनी दोनशेच्या आसपास वाघ मारले. त्या वाघांच्या मागावर आणि हाक्यात भिल्ल होते. मेळघाटात कोरकू होते, पूर्वेकडे गोंड होते. आणि देशावर, वऱ्हाडात, जिथे गाव होते तिथे महारवाडा होता. दौऱ्यावर आलेल्या अंमलदाराचा तंबू ठोकणे, लाकूडफाटा आणि वैरण पुरवणे, ओझे पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवणे, वाट दाखवणे ही येसकराची आणि तराळाची कामे. पाटलाकडे हुकूम आला की पाटलाचे बोट महारवाड्याकडे वळे. रात्र असो, ताप असो, घरात बाळंतीण असो, नाही म्हणायची सोय नव्हती. साहेबाच्या लेखी ती मजुरी होती, पाटलाच्या लेखी ते वतनाचे कर्तव्य होते. आणि ज्याच्या अंगावर ते काम येई त्याच्या लेखी ती वेठ होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनासंबंधीचे विधेयक आणले, ते या वेठीचे मूळ ओळखूनच. १८७४ च्या वतन कायद्याने महाराला गावच्या आणि सरकारच्या सेवेला चोवीस तास जुंपले होते आणि मोबदला म्हणून तुटपुंजी जमीन व दारोदारचे बलुते दाखवले होते. ते विधेयक तेव्हा पार पडले नाही, ते मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. शिकारीच्या इतिहासकाराला ही साले महत्त्वाची वाटत नाहीत. मला वाटतात, कारण हाक्याची रांग या कायद्यांतून उभी राहत होती.

त्याच काळातला दुसरा कायदा १८७८ चा शस्त्रकायदा. हिंदी माणसाने परवान्याशिवाय बंदूक बाळगली तर गुन्हा, युरोपियनाला सूट. जंगलकायदाही १८७८ चाच. राखीव जंगलात ज्याने पिढ्यान् पिढ्या ससा-तितर धरला, तो एका रात्रीत चोर ठरला. फासेपारध्याची गोष्ट आठवा. जनावराच्या सवयी त्याच्याइतक्या कुणाला ठाऊक नव्हत्या. संस्थानिकांनी आपल्या शिकारखान्यात त्याचा उपयोगही करून घेतला. पण सरकारदरबारी त्याची जात गुन्हेगार जमातींच्या यादीत गेली. १८७१ साली सुरू झालेला तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी नगर जिल्ह्यातल्या पारध्याच्या पालावर पोलिसाची पहिली नजर अजून जाते. हजार माळढोक मारणारा गृहस्थ. पोटासाठी फासे लावणारा गुन्हेगार. कृती एकच असते. तिचे नाव करणाऱ्याच्या जातीवरून आणि कातडीच्या रंगावरून ठरते.

नाव कुणाचे राहते याचा सर्वांत बोलका पुरावा अजिंठ्याला आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा मद्रास इलाख्याच्या फौजेतला अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी वाघूर नदीच्या खोऱ्यात हिंडत होता. आज ज्याला दहावे लेणे म्हणतात त्याची कमान त्याला दिसली. गुराखी पोराने ती जागा दाखवली, असे सांगतात. स्मिथने त्या चैत्यातल्या रंगवलेल्या खांबावर आपले नाव आणि तारीख कोरली. ती अक्षरे आजही आहेत. पुस्तके म्हणतात, स्मिथने अजिंठ्याचा शोध लावला. ज्या पोराला ती जागा आधीच ठाऊक होती त्याचे नाव कुणी विचारलेसुद्धा नाही. तथागताच्या चैत्यात, भिक्खूंनी आणि अनामिक चित्रकारांनी उभ्या केलेल्या त्या लेण्यात, एका शिकाऱ्याचे नाव आहे आणि वाट दाखवणाऱ्याचे नाही. १९५६ नंतर आपण अजिंठ्याला वारसदार म्हणून जातो. तेव्हा खांबावरची ती अक्षरे मुलांना जरूर दाखवावीत आणि तिथे कोणाचे नाव नाही तेही सांगावे.

स्वातंत्र्य आले तेव्हा साहेब गेला, पण हाका थांबला नाही. आता शिकार हा परकीय चलन आणणारा धंदा झाला. विद्याचरण शुक्ल यांनी नागपूरला 'अ‍ॅल्विन कूपर' नावाची कंपनी चालवली; मध्य भारताच्या जंगलात परदेशी पाहुण्यांच्या शिकारीची व्यवस्था करणे हा तिचा व्यवसाय होता. पाहुण्याने परदेशात बसून बेत आखावा, पैसे भरावेत, विमानाने उतरावे आणि वाघाचे कातडे घेऊन जावे. बाकी सारे कंपनी पाहील. 'बाकी सारे' म्हणजे पुन्हा तीच माणसे : माग काढणारा, रेडा बांधणारा, डबा बडवणारा. नोव्हेंबर १९६९ मध्ये दिल्लीत निसर्गसंरक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव कायदा झाला आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. हे सर्व होणे अवश्य होते. पण बंदूकवाला आपल्या घरी गेला आणि हाकेवाला जिथे होता तिथेच राहिला. मग व्याघ्र प्रकल्पासाठी मेळघाटातली कोरकूंची गावे उठवली जाऊ लागली. ज्यांच्या आज्यांना वाघापुढे चालवले, त्यांच्या नातवंडांना वाघासाठी हलवले. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांच्यावरचा ऐतिहासिक अन्याय शब्दांत तरी मान्य केला; त्यासाठी शतकाहून अधिक काळ जावा लागला.

ही गोष्ट आपल्या देशापुरती नाही. अमेरिकेचे अध्यक्षपद सोडून थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये पूर्व आफ्रिकेत शिकारीला गेले. त्यांच्यासोबत अडीचशेच्या आसपास हमाल होते. बापलेकांनी मिळून ५१२ जनावरे मारली, हा आकडा नेमका ठाऊक आहे. ओझी वाहणाऱ्यांची नावे ठाऊक नाहीत. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली; दक्षिणेकडच्या काही देशांत परदेशी पाहुण्यांची शिकार आजही कायदेशीर धंदा आहे. २०१५ मध्ये झिंबाब्वेत एका अमेरिकन दंतवैद्याने सीसिल नावाचा सिंह मारला आणि जगभर हलकल्लोळ झाला. त्या सिंहाला नाव होते, म्हणून जगाला दुःख झाले. त्याच मुलखात हत्तीने पीक तुडवलेल्या शेतकऱ्याचे नाव त्या हलकल्लोळात कुणी घेतले नाही. झिंबाब्वेत १९८० च्या दशकाअखेर, शिकारीच्या पैशातला वाटा स्थानिक गावांना द्यावा अशी 'कॅम्पफायर' योजना सुरू झाली. तिच्या यशापयशाबद्दल वाद आहेत. पण निदान तिने एक प्रश्न मान्य केला : जनावराच्या शेजारी जो राहतो, त्याचा जनावरावर काही हक्क आहे की नाही?

तो प्रश्न हिवरे बाजारलाही लागू आहे. १९७२ च्या दुष्काळाने हे गाव मोडले होते, डोंगर बोडके होते, माणसे पोट घेऊन परगावी गेली होती. १९९० नंतर पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी मान्य केली, श्रमदान केले, डोंगर पुन्हा हिरवे केले. बंदी साहेबाच्या काळीही होती. पण ती वरून आली होती आणि ज्याच्यावर लादली त्याला विचारली नव्हती. येथे ती ग्रामसभेत ठरली. हा फरक मोठा आहे आणि म्हणूनच तो तपासून पाहण्यासारखा आहे. अशा प्रत्येक गावात कार्यकर्त्यांनी विचारावे : चराईबंदी झाली तेव्हा ज्याच्याकडे जमीन नव्हती, दोन शेळ्याच होत्या, तो सभेत बोलला का? त्याचे म्हणणे कुणी लिहून घेतले का? जंगल परत येणे चांगले. पण ते कुणाच्या संमतीने आणि कुणाच्या घामाने आले याची नोंद राहिली नाही, तर उद्याचा इतिहासकार पुन्हा मचाणावरच चढेल.

विद्यार्थी आणि शिक्षक मित्रांना माझे एक सांगणे आहे. १९७० पूर्वी जे हाक्यात चालले ते आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. मेळघाटात, सातपुड्यात, विदर्भाच्या जंगलकाठच्या गावांत ते अजून भेटतील. दहा वर्षांनी भेटणार नाहीत. त्यांच्याकडे जा. हाक्याला कुणी बोलावले, किती आणे मिळाले, की भाकरीवरच भागले. कोण जखमी झाला, त्याच्या घरी पुढे काय झाले, हे विचारा. रांगेत कोणत्या जातीचा माणूस कुठे उभा केला जाई आणि मारलेल्या जनावराचे मांस कुणाला, कसे वाटले जाई, हेही विचारा. आणि पहिल्यांदा त्यांचे नाव विचारा, ते पूर्ण लिहून घ्या, बापाच्या आणि आईच्या नावासह.