थोरल्यांनी कान कधी धरायचा?

पनवेलकरांना आपल्या नगरपालिकेचा भारी अभिमान. का नसावा? स्थापना १८५२ ची, म्हणजे सत्तावनच्या बंडाच्याही आधीची! १ ऑक्टोबर २०१६ ला तिची महानगरपालिका झाली. मे २०१७ मध्ये पहिली निवडणूक होऊन ७८ नगरसेवक आले. जुलै २०२२ मध्ये त्यांची मुदत संपली आणि पुढचं मतदान झालं थेट १५ जानेवारी २०२६ ला. मधली साडेतीन वर्षं कारभार प्रशासकाकडे. खारघर-कामोठ्याचे लोक मालमत्ता कराविरुद्ध भांडत होते, पण सभागृहात उभं राहून जाब विचारणारं कुणी नव्हतं.

गंमत बघा, राज्यघटनेचं कलम २४३-यू अगदी स्वच्छ आहे. मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपण्याआधी निवडणूक. मग वरच्यांनी काय केलं? ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘जैसे थे’चा आदेश झाला आणि तारखा पडत राहिल्या. ६ मे २०२५ ला न्यायालयानेच चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून बजावलं. ती मुदतही पुढे ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढली.

वाटेल, हे आपल्याकडेच चालतं. छे हो! युरोपियन युनियनच्या करारात कलम ७ आहे. लोकशाही मोडणाऱ्या सदस्य देशाचा मतदानाचा हक्क काढून घेता येतो. पण त्याआधी बाकीच्या सगळ्या देशांचं एकमत लागतं. पोलंडवर २०१७ मध्ये आणि हंगेरीवर २०१८ मध्ये ही कारवाई सुरू झाली. दोघांनी एकमेकांची पाठराखण केली आणि कलम कागदावरच राहिलं. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये हंगेरीचे सुमारे ६३० कोटी युरो अडवले, तेव्हा कुठे तिथलं सरकार हललं. पण त्याच निर्णयाने तिथल्या अनेक विद्यापीठांची इरॅस्मसची नवी मदतही थांबली. चूक सरकारची, भुर्दंड विद्यार्थ्यांना.

म्हणजे दुखणं दोन्हीकडे एकच. नियम आहे, पण मोडणाऱ्याला त्याची झळ लागेल अशी सोय नाही. आपल्या कलमात निवडणूक ‘घ्या’ आहे, ‘न घेतल्यास काय’ हे नाही. तिथे शिक्षा आहे, पण ती सोबत्यांच्या मर्जीवर. थोरला कान धरतो खरा, पण उशिरा, आणि बहुतेक वेळा भलत्याचाच.

असो. पनवेलला आता पुन्हा नगरसेवक मिळालेत. त्यांचीही मुदत कधीतरी संपेलच. तेव्हा दिल्लीकडे बघत बसण्याआधी कॅलेंडरकडे आपणच बघितलेलं बरं.