मूत्रपिंडविकारात कडधान्यांचे स्थान

क्रिएटिनिन वाढल्याचा रिपोर्ट हाती आला की बहुतेक घरांत पहिली कुऱ्हाड पडते ती डाळी-उसळींवर. या बंदीमागे प्रथिने, फॉस्फरस आणि पोटॅशियम अशा तीन वेगळ्या धास्ती एकत्र कालवलेल्या असतात. प्रत्येकीचा हिशेब स्वतंत्र मांडला, तर सरसकट बंदीला फारसा आधार उरत नाही.

प्रथिनांचा प्रश्न लवकर सुटतो. डायलिसिस सुरू नसलेल्या बहुतेक प्रौढ रुग्णांसाठी केडिगो (KDIGO) या मूत्रपिंडविकारांवरील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.8 ग्रॅम प्रथिने सुचवली आहेत. 60 किलोच्या माणसाला 48 ग्रॅम. शिजलेल्या 100 ग्रॅम मुगात ती साधारण 7 ग्रॅम असतात. म्हणजे डाळ खाऊनही मर्यादा सांभाळता येते.

फॉस्फरसच्या बाबतीत मात्र तक्ते दिशाभूल करतात. शिजलेल्या 100 ग्रॅम राजम्यात तो सुमारे 140 मिलिग्रॅम असतो, पण तेवढा सगळा रक्तात उतरत नाही. कडधान्यांतला बराचसा फॉस्फरस फायटेटमध्ये बांधलेला असतो आणि तो मोकळा करणारे फायटेज हे विकर माणसाच्या आतड्यात नगण्य असते. म्हणून त्याचे शोषण निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही कमी होते. याउलट कोला आणि प्रक्रिया केलेल्या मांसात मिसळलेली फॉस्फेटे जवळजवळ पूर्ण शोषली जातात. अमेरिकेत शॅरन मो आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये नऊ रुग्णांना आठवडाभर शाकाहारी व आठवडाभर मांसाहारी जेवण देऊन पाहिले. शाकाहारी आठवड्यानंतर रक्तातला फॉस्फरस कमी भरला. रुग्ण मोजकेच होते, तरी हा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो. एक बारकावा: मोड येताना फायटेटचा काही भाग फुटतो, त्यामुळे मोडाच्या मटकीतला फॉस्फरस शोषायला थोडा सोपा होतो.

खरी जपणूक हवी ती पोटॅशियमची, तीही रक्तातली पातळी वाढलेली असेल तर. शिजलेल्या 100 ग्रॅम राजम्यात ते सुमारे 400 मिलिग्रॅम, मुगात 265. पोटॅशियम पाण्यात विरघळते, आणि इथे आपल्या स्वयंपाकाची रीत निर्णायक ठरते. कुकरमध्ये बेताच्या पाण्यात शिजवून तशीच घोटलेली डाळ आपले पोटॅशियम आपल्यातच ठेवते. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ भरपूर पाण्यात शिजवून चाळणीत उपसली की त्यातला बराच अंश कटात उतरतो. म्हणजे अशा रुग्णाने उपसलेली डाळ खावी, कटाची आमटी बाकीच्यांनी. रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्यावे, नव्या पाण्यात शिजवून तेही काढून टाकावे आणि मग फोडणी द्यावी. मीठ कमी करताना पोटॅशियम क्लोराइड असलेले ‘लो-सोडियम’ मीठ मात्र परस्पर वापरू नये; उसळीतून काढलेले पोटॅशियम त्या चिमटीतून परत येते.

डायलिसिस सुरू झाले की प्रथिनांची गरज किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅमवर जाते. तेव्हा जुनेच पथ्य चालवून डाळ तोडत राहिलेला रुग्ण हळूहळू खंगतो. वाटी किती भरायची, हे ताजा रिपोर्ट समोर ठेवून डॉक्टर व आहारतज्ज्ञांकडून पुन्हा ठरवून घ्यावे लागते.