‘मस्जिद’ स्टेशन आणि आपली जुनी मस्जिद

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून लोकल सुटली की पहिले स्टेशन लागते ते मस्जिद. लोकांच्या तोंडी ते ‘मस्जिद बंदर’. रेल्वेच्या पाटीवर मात्र नुसते ‘मस्जिद’. जवळ एखादी मोठी मशीद असेल म्हणून हे नाव पडले, असे नवख्या प्रवाशास साहजिकच वाटते. आपल्या समाजातील वडीलधारी मंडळी मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत की, हे नाव आपल्या ‘जुन्या मस्जिदी’वरून, म्हणजेच शाअर हारहमीम सिनेगॉगवरून पडले आहे. मुंबईतील स्थळनामांविषयी लिहिणारेही हीच व्युत्पत्ती देतात.

ही जुनी मस्जिद उभारली समाजी हसाजी दिवेकर यांनी. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात ते अधिकारी होते. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधीन असा नवस त्यांनी केला, असे परंपरा सांगते. १७९६ साली तो फेडला गेला आणि मुंबईतील बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर मांडवी भागात उभे राहिले. तेथील सॅम्युएल स्ट्रीट व इस्राएल मोहल्ला ही नावे त्या वस्तीचीच खूण होत.

त्या काळी आपल्या बोलीत प्रार्थनामंदिराला मस्जिदच म्हणत. ‘सिनेगॉग’ हा मूळचा ग्रीक शब्द इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे पुढे रुळला. परमेश्वरापुढे नतमस्तक होण्याची जागा ती मस्जिद, एवढाच साधा अर्थ आपल्या पूर्वजांना अभिप्रेत होता. म्हणूनच नंतरचे शाअरे रासोन हे ‘नवी मस्जिद’ झाले.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली. पुढे या मार्गावर जागोजाग स्टेशने झाली. रेल्वेचे एक वैशिष्ट्य असे की, प्रत्येक स्टेशनाला एक ठरलेले नाव लागते. ते पाटीवर रंगवायचे आणि तिकिटावर छापायचे. थॉमस एडमन्सन या इंग्रज स्टेशनमास्तराने काढलेली पुठ्ठ्याची छापील तिकिटे आपल्याकडेही पुष्कळ वर्षे चालली. फाटकाशी उभा असलेला तिकीट कलेक्टर तिकिटावरील नाव पाहूनच प्रवाशाला बाहेर सोडी. अशा रीतीने एका लहानशा समाजाच्या बोलीतला शब्द रोज हजारो हातांतून फिरू लागला.

त्याच रेल्वेने आपल्या माणसांना नोकऱ्या दिल्या आणि दूरदूर नेले. ठाण्यास १८७९ साली शाअर हाशामाईम झाले, तर कराची, पुणे, अहमदाबाद येथेही आपली प्रार्थनामंदिरे उभी राहिली. १९४८ नंतर पुष्कळ कुटुंबे इस्राएलला गेली. मांडवीतील आपली वस्ती विरळ झाली. नाव मात्र स्टेशनावर राहिले.

नावेही कायमची नसतात. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने मुंबईतील काही स्टेशनांची नावे बदलण्याची शिफारस केली. त्यात सँडहर्स्ट रोडसाठी डोंगरी आणि करी रोडसाठी लालबाग ही नावे सुचविली गेली. भोवतालच्या वस्तीचे नाव स्टेशनाला असावे, ही भावना योग्यच आहे. ‘मस्जिद’ हे नाव तर मुळातच वस्तीतून आलेले आहे. परंतु त्यामागची हकीगत सांगणारे कोणी उरले नाही, तर पाटी जागेवर असूनही ते नाव आपल्यापुरते पुसले गेल्यासारखेच होईल.

मुंबईच्या मेट्रोच्या फाटकांवर आता यंत्रे बसली आहेत. क्यूआर तिकीट वा कार्ड दाखविले की वाट मोकळी होते. यंत्र तिकीट तपासते, नावाचा अर्थ सांगत नाही. ते काम आपले आहे. मुलाबाळांना घेऊन मुंबईस जाल तेव्हा मस्जिद स्टेशनावर अवश्य उतरा, सॅम्युएल स्ट्रीटवरून चालत जुन्या मस्जिदीपर्यंत जा आणि समाजी हसाजींच्या नवसाची गोष्ट त्यांना तेथेच सांगा. वर्धापनदिनी पूर्वजांचे स्मरण करावयाचे, ते याहून वेगळे काय असते?