पदकावरचा चेहरा : निकोलाय चेर्कासोव

नटाची कीर्ती म्हणजे पाण्यावरची रेघ, असे पूर्वी म्हणत. ग्रंथकाराचा ग्रंथ राहतो, शिल्पकाराची मूर्ती राहते; नटाच्या मागे राहते ती पाहणाऱ्यांची आठवण, आणि ते पाहणारे गेले की तीही जाते. बोलपटाने हे दुःख पुष्कळ हलके केले. परंतु रशियातील एका नटाच्या वाट्यास याहूनही निराळे अमरत्व आले. त्याचा चेहरा धातूत उमटविला गेला, आणि तोही त्याचा स्वतःचा म्हणून नव्हे, तर सुमारे सातशे वर्षांपूर्वीच्या एका राजाचा म्हणून! हा नट म्हणजे निकोलाय चेर्कासोव. राज्यसत्ता कलावंतावर प्रसन्न होते तेव्हा ती त्याला काय देते आणि त्याच्याकडून काय मागते, हे ज्यांस समजून घ्यावयाचे असेल, त्यांनी त्याचे चरित्र अवश्य पाहावे.

चेर्कासोवचा जन्म १९०३ साली सेंट पीटर्सबर्ग येथे एका रेल्वे-नोकराच्या घरी झाला. क्रांतीनंतरच्या ओढग्रस्तीच्या दिवसांत, १९१९ साली, तो मारिइन्स्की संगीत-नाट्यगृहात मूकनट म्हणून लागला. न बोलता, न गाता गर्दीत उभे राहावयाचे, एवढेच त्याचे काम. पण त्याच मंचावर शाल्यापिन गात असे, आणि एका देहातून राजाचे सारे वैभव व सारी वेदना कशी प्रकट होते, हे त्या पोराला चार हातांवरून पाहावयास मिळे. त्याचे स्वतःचे शरीर मात्र राजाला शोभणारे नव्हते. अंग काटकुळे, उंची विलक्षण, हातपाय लांबच लांब. ते पाहून लोकांस हसू येई, तेव्हा त्याने हसविण्याचाच मार्ग धरला. बेर्योझोव आणि चिर्कोव या सोबत्यांसह त्याने एक नाच बसविला. त्यात डेन्मार्कच्या मूकपटांतील पॅट व पॅटाशाँ ही उंच-ठेंगणी जोडी आणि चार्ली चॅप्लिन यांच्या नकला असत. उंच पॅट अर्थातच चेर्कासोव. १९२६ साली नाट्यशिक्षण पुरे करून तो लेनिनग्राडच्या बालप्रेक्षकांसाठी चालविलेल्या नाट्यगृहात दाखल झाला आणि तेथे त्याने मुलांसमोर डॉन क्विक्झोट उभा केला. ही भूमिका वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचा संबंध पुढे यावयाचा आहे.

१९३३ साली तो लेनिनग्राडच्या त्या जुन्या नाट्यगृहात गेला, ज्यास पुढे पुश्किनचे नाव देण्यात आले. त्याला खरी कीर्ती मिळाली ती मात्र १९३७ च्या ‘बाल्टिकचा प्रतिनिधी’ या बोलपटामुळे. वनस्पतिशास्त्रज्ञ तिमिर्याझेव याच्या चरित्रावरून घेतलेला प्राध्यापक पोलेझायेव हा पंचाहत्तरीचा वृद्ध. तो साकार करणारा नट तेव्हा केवळ तेहेतीस वर्षांचा होता. त्याच सुमारास ‘पीटर पहिला’ या चित्रपटात तो बापाच्या धाकाने खचलेला, कपटी व दुबळा युवराज अलेक्सेय झाला. एकीकडे निर्मळ वार्धक्य, दुसरीकडे कुजलेले तारुण्य! इतक्या दूरची टोके गाठणारा नट सत्तेच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते.

१९३८ साली आयझेनस्टाइनने त्याला ‘अलेक्झांडर नेव्हस्की’त नायक केले. १२४२ साली गोठलेल्या सरोवरावर जर्मन सरदारांचा पराभव करणाऱ्या या राजाची कथा हिटलरला दिलेले उत्तर होते, हे सर्वांस समजत होते. ती बर्फावरची लढाई मॉस्कोत भर उन्हाळ्यात, खोट्या बर्फावर चित्रित झाली, संगीत प्रोकोफिएवचे. परंतु ऑगस्ट १९३९ मध्ये रशिया व जर्मनी यांचा करार होताच तो चित्रपट मुकाट्याने मागे घेण्यात आला, आणि जून १९४१ मध्ये जर्मनीने स्वारी करताच तितक्याच तत्परतेने पुन्हा पडद्यावर आला. नट तोच, शब्द तेच. बदलली ती केवळ सत्तेची गरज. जुलै १९४२ मध्ये नेव्हस्कीच्या नावाचे लष्करी पदक स्थापन झाले. त्या राजाचे अस्सल चित्र उपलब्ध नव्हते, म्हणून पदकावर चेर्कासोवच्या नेव्हस्कीचा चेहरा घालण्यात आला. एकेकाळचा नकलाकार पॅट आता सेनाधिकाऱ्यांच्या छातीवर विराजमान झाला.

यापुढची मागणी अधिक अवघड होती. युद्धकाळात, दूर आल्मा-आता येथे आयझेनस्टाइन ‘इव्हान द टेरिबल’ तयार करीत होता. सोळाव्या शतकातील या क्रूर झारचे चित्र एक समर्थ राष्ट्रनिर्माता म्हणून रंगवावे, अशी स्टालिनची अपेक्षा होती. हे काम नटाच्या शरीराचीही कसोटी पाहणारे होते. आयझेनस्टाइन आकृतीचा एवढा नादी, की नटाची मान, पाठ, बोटे त्याला हव्या त्या कोनात वाकलीच पाहिजेत. चेर्कासोवने पुढे याविषयी आपली नाराजी लिहूनही ठेवली. पहिल्या भागास १९४६ साली स्टालिन पारितोषिक मिळाले. दुसऱ्या भागात मात्र इव्हान वधस्तंभाजवळच्या प्रेतांसमोर टोपी काढून वाकतो, छातीवर क्रूस रेखाटतो, आणि मग एवढे बळी पुरेसे नाहीत अशा अर्थाचा एकच शब्द उच्चारतो. पश्चात्ताप आणि रक्ताची तहान एकाच श्वासात! त्याच वर्षी सप्टेंबरात पक्षाच्या मध्यवर्ती समितीने हा भाग निषिद्ध ठरविला. इव्हानला हॅम्लेटसारखा दुबळा दाखविला, हा आरोप.

फेब्रुवारी १९४७ मध्ये एका रात्री आयझेनस्टाइन व चेर्कासोव यांना क्रेमलिनमध्ये बोलावणे आले. समोर स्टालिन, मोलोटोव्ह आणि झ्दानोव. या भेटीचा वृत्तांत त्या दोघांनी मागाहून लिहवून ठेवला. इव्हानचे चुकले कोठे, तर त्याने सगळी सरदार घराणी निपटून काढली नाहीत; देव आडवा आला, एकाला मारावे आणि मग वर्षभर पस्तावत बसावे, अशा आशयाचे स्टालिनचे मत त्यात आहे. इव्हानच्या दाढीची लांबी हाही तेथे चर्चेचा विषय झाला. चेर्कासोवने विचारले, स्तारित्स्कीच्या खुनाचे दृश्य ठेवता येईल काय? परवानगी मिळाली, खून होतच असत, असे उत्तर आले. ज्याने लक्षावधींना नाहीसे केले, त्याच्या तोंडून हे ऐकून घेताना समोरच्या नटाच्या मनात काय आले असेल?

येथे चेर्कासोवला हुतात्मा ठरविण्याचा मोह टाळला पाहिजे. त्याने बंड केले नाही. त्याच वर्षी त्याला सोव्हिएत संघाचा लोककलावंत ही पदवी मिळाली; तो सुप्रीम सोव्हिएतचा सभासद झाला; १९५०-५१ च्या हिवाळ्यात दिग्दर्शक पुडोव्हकिनबरोबर हिंदुस्थानातही येऊन गेला. आयझेनस्टाइन मात्र १९४८ साली, दुरुस्त्या न करताच मरण पावला. दुसरा भाग लोकांस दिसला तो १९५८ साली.

परंतु नटाचे उत्तर जिभेने नव्हे, भूमिकेने द्यावयाचे असते. १९५७ साली कोझिन्त्सेवच्या चित्रपटात चेर्कासोव पुन्हा डॉन क्विक्झोट झाला. तोलुबेयेव सँको, आणि पटकथा श्वार्त्सची. ज्या लांबलचक देहास पाहून मुले हसली होती, तोच देह आता वाकला होता, थकला होता, आणि तरीही अन्यायावर धावून जात होता. पुढल्या वर्षी त्याने रंगभूमीवर बुल्गाकोवच्या ‘पलायन’ या नाटकातील सेनापती ख्लुदोव वठविला. लेखकाच्या हयातीत मंचावर येऊ न दिलेल्या या नाटकात, माणसे फासावर चढविणाऱ्या ख्लुदोवचा पाठलाग त्याचाच एक बळी करीत राहतो. इव्हानला जो पश्चात्ताप वर्ज्य ठरविण्यात आला होता, तो ख्लुदोवच्या रूपाने रंगमंचावर परत आला.

चेर्कासोव १९६६ साली लेनिनग्राड येथे वारला. त्याचे दफन झाले ते अलेक्झांडर नेव्हस्कीच्याच नावाच्या मठातील तिख्विन स्मशानभूमीत. राज्यास त्याचा चेहरा हवा होता, तो राज्याने घेतला आणि पदकावर उमटविला. पण पदकावरचा चेहरा कधी शंकित होत नाही. शंका, लाज आणि पश्चात्ताप यांना धातूत स्थान नसते. त्यांना हाडामांसाचा माणूस लागतो. तो माणूस आज क्विक्झोटच्या वाकलेल्या पाठीत आणि इव्हानच्या त्या एका नमस्कारात सापडतो.